कानोकान खबर

सामुदायिक आरोग्य केंद्राचा ताबा मिळाला की पहिल्याच आठवड्यात एक काम उरकून टाका. ‘रुग्णांची माहिती गोपनीय ठेवली जाते’ असा फलक मराठी, कोंकणी आणि इंग्रजीतून रंगवून घ्या आणि तो केस पेपरच्या खिडकीच्या बरोबर वर लावा. निरीक्षणाला येणारे साहेब फलकाचा फोटो काढतात, खिडकीपाशी उभे राहत नाहीत. राहिले असते तर त्यांना कळलं असतं की कोविडच्या काळात बसवलेल्या काचेतून आवाज आत जात नाही. वर पंखा घरघरत असतो. त्यामुळे कोणी बाई दबक्या आवाजात ‘अंगावरून जातं’ म्हणाली तर कारकुनाने ‘काय म्हणालात बाय? मोठ्यानं सांगा’ असं म्हणावं. ती मोठ्यानं सांगते. मागची सगळी रांग ऐकते.

खरं तर खिडकीला नाव, वय, गाव आणि कोणत्या विभागात जायचं एवढंच कळलं तरी पुरे. तक्रार आत डॉक्टरांना सांगायची असते. रांग दीड मीटर मागे थांबवायला जमिनीवर पिवळ्या पट्टीचं एक रीळ लागतं. पण त्याची मागणी नोंदवायची, ती वर पाठवायची, तेवढ्यात पावसाळा येतो. राहू द्या.

टोकन क्रमांक पुकारण्याच्या फंदात तर पडूच नका. क्रमांक पुकारला तर कोण कशासाठी आलंय हे कोणाला कळायचं? नाव घ्यावं. गोव्यात नुसत्या नावानेही भागत नाही, कारण प्रत्येक रांगेत चार नाईक आणि तीन गावकर असतात. म्हणून वाडा जोडावा आणि तेवढ्यानेही उलगडा होत नसेल तर ‘देवळामागच्या नाईकांची सून, ती शुगरवाली’ असं स्पष्ट करावं. हाच नियम वर्तमानपत्राला माहिती देताना. नाव अजिबात सांगू नका, ते बेकायदा. ‘अमुक गावातील 34 वर्षीय शिक्षक’ एवढंच सांगा. त्या गावात शाळा एक, शिक्षक दोन, त्यातला एक निवृत्तीला आलेला.

तपासणीच्या खोलीत हिरवा पडदा हवाच. पडद्याने फक्त दिसणं थांबतं, पण तपासणी यादीत ‘पडदा आहे का?’ एवढाच रकाना असतो. वेळ वाचावा म्हणून पुढचा पेशंट आतच, स्टुलाच्या मागे उभा करावा.

आता कायद्याकडे वळू. गर्भपाताच्या कायद्याप्रमाणे त्यासाठी दाखल होणाऱ्या बायकांची नोंदवही गुप्त कागदपत्र असते आणि इतर सगळ्या कागदांवर नावाऐवजी क्रमांक घालायचा असतो. त्या बाईची ओळख फोडली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून नोंदवही कपाटात कुलूप लावून ठेवा आणि किल्ली मेट्रनकडे द्या. वॉर्डातल्या पांढऱ्या फळ्यावर मात्र खाट क्रमांक, नाव आणि ‘एमटीपी’ (म्हणजे गर्भपात) हे निळ्या मार्करने ठळक लिहा, नाहीतर भेटायला आलेल्या मंडळींचा गोंधळ होतो.

एचआयव्ही समुपदेशनाची खोली कुठे असावी? दार थेट ओपीडीच्या बाकांकडे उघडेल अशी. तिथे प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक मिळतो, नाव उघडं पडू नये म्हणून. मग जो त्या दारातून बाहेर येईल तो कोण, हे बाकावरच्यांना कळायला दुसरा मार्ग काय? 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. म्हणून तोंडाने काही बोलू नका, केस पेपरच्या कोपऱ्यात लाल स्टिकर लावा. हातमोजे आणि सुयांची काळजी प्रत्येकच पेशंटच्या बाबतीत सारखी घ्यायची असते, त्यामुळे स्टिकरचा उपचाराला काडीचाही उपयोग नाही. पण सफाई कर्मचाऱ्यापासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना तो वाचता येतो. 1989 साली पर्राच्या डॉमिनिक डिसोझांना रक्तदानानंतरच्या तपासणीवरून पोलिसांनी उचललं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात 64 दिवस कोंडून ठेवलं. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. आता पोलीस लागत नाहीत, स्टिकरवर भागतं.

टीबीच्या पेशंटला निक्षय मित्राकडून, म्हणजे त्याला मदत करायला पुढे आलेल्या व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून, पोषण आहाराची टोपली मिळते. त्यासाठी आधी त्याची संमती घ्यायची असते. टोपली हातात देऊन, फोटोसाठी ओळीत उभं करून, मग फॉर्मवर सही घ्या. नाही म्हणायला माणसाचे दोन्ही हात मोकळे नसतात.

संगणकावर एकच लॉगिन ठेवा आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवा, नाहीतर रजेच्या दिवशी पंचाईत होते. कोणी काय उघडून पाहिलं हे त्यामुळे कधीच सिद्ध होत नाही, हा वरचा फायदा. लॅबच्या अहवालांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढा. त्यात रुग्णवाहिकेचा चालक असावा आणि बदली होऊन गेलेल्यांना काढू नये, वाईट दिसतं. आलेले फोटो आपोआप गॅलरीत साठतात, लग्नाच्या आणि चतुर्थीच्या फोटोंच्या मधोमध. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या 2023 च्या कायद्यात दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे म्हणे. हा आकडा एवढा मोठा आहे की आपल्याला लागू असेल असं कोणालाच वाटत नाही.

जुने केस पेपर फाडत बसू नका. पाठकोऱ्या बाजूवर औषधांचे डोस लिहून देता येतात. कागदही वाचतो.

एका बाबतीत मात्र काटेकोर राहा. एखादी बाई खिडकीशी येऊन स्वतःच्याच कागदपत्रांची प्रत मागेल. वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे ती 72 तासांत द्यायची असते. इथे फलकाकडे बोट दाखवा. ‘गोपनीय आहे बाय, अर्ज करा.’ अर्जावर सरपंचाची सही मागा, मग आधारची झेरॉक्स, मग सोमवारी या म्हणा. सोमवारी संबंधित कारकून रजेवर असेलच. अहवालात काय आलंय हे तिला अगदीच जाणून घ्यायचं असेल तर वाड्यावर कोणालाही विचारावं.