गाडी जुनी होते, पार्टची किंमत नाही

सेकंडहँड क्रॉसओव्हर (एसयूव्हीसारखी उंच गाडी) घेणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, "किती किलोमीटर चाललेली घेऊ?" मी उलट विचारतो, "गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललंय? बिल आहे का?" मग शांतता.

सात-आठ वर्षांत गाडीचा भाव धडाधड उतरतो. तिच्या क्लचचा, टर्बोचा, हेडलॅम्पचा उतरत नाही. छोट्या गाडीच्या पैशात मोठी गाडी दारात येते खरी, पण बिल मोठ्या गाडीचंच येतं. खरेदीत वाचलेले पैसे हे वाचलेले नसतातच, ते बाजूला काढून ठेवायचे असतात.

मीही फसता फसता वाचलोय. चालवून बघितली तेव्हा चेक इंजिनचा दिवा बंद होता. चौथ्या दिवशी पेटला. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडतात त्या स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी०४२०. गॅरेजवाला म्हणाला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, बदला. आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी वर घेतली, सायलेन्सरच्या पाइपवरून हात फिरवला आणि जोडावरची काळी काजळी दाखवली. जोडातलं गॅस्केट, म्हणजे सील, फुटलं होतं, तिथून हवा आत जाऊन सेन्सर चुकीचं सांगत होता. गॅस्केट बदललं, कोड परत आला नाही.

विकणाऱ्याने कोड पुसूनच गाडी दाखवली असणार. ते पकडता येतं, हे मला नंतर कळलं. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात आणि स्कॅनरमध्ये 'रेडिनेस' उघडलं की अपूर्ण दिसतात. बॅटरी काढली तरी तसंच होतं म्हणा, पण "बॅटरी कालच बदलली" हे ऐकलं की मी तरी दोन पावलं मागे सरकतो.

ऑटोमॅटिक असेल, त्यातही सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स), तर जास्तच जपा. आत पट्टा आणि दोन पुली, सगळा खेळ ऑइलवर. "यात आयुष्यभर ऑइल बदलावं लागत नाही" असं सांगतात. कुणाचं आयुष्य ते सांगत नाहीत. सिग्नलवरून हळू निघताना गाडी थरथरली तर सौदा तिथेच सोडा. मॅन्युअल डिझेलमध्ये क्लचसोबत ड्युअल मास फ्लायव्हीलही (क्लचमागचं, धक्के शोषणारं जड चाक) तपासायला सांगा. गिअरबॉक्स उतरवायची मजुरीच मोठी, ती दोनदा कशाला द्यायची? आणि डिझेल घेऊन रोज तीन किलोमीटर चालवणार असाल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदणारच. काजळी जळायला लांबची, सलग धाव लागते.

फोर व्हील ड्राइव्हवाली असेल तर चारही टायर बघा. दोन नवे, दोन गुळगुळीत म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगवर सतत ताण. टायरवरचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला.

खड्ड्यातून जाताना टकटक वाजलं तर घाबरू नका. बहुतेकदा सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा रबरी बुश निघतो, त्यातल्या त्यात स्वस्त दुखणं. सनरूफची हौस मात्र मला कधी कळली नाही. ड्रेनचे पाइप तुंबले की पाणी थेट गालिच्याखाली.

माझी गाडी सध्या साठच्या पुढे घूंऽऽ करते. उजवीकडे वळताना आवाज वाढतो, म्हणजे डावीकडचं बेअरिंग. शनिवारी गॅरेजला लावतोय.