एडीचे वेगळे पैसे पडतील

आमच्या वयाच्या सोलापूरकरांना ब्राझील कळला तो फुटबॉलमुळं नाही, एडी गोर्डोमुळं. टेकन ३ या प्लेस्टेशनवरच्या मारामारीच्या गेममधला एडी, तो जटावाला, हातावर उभा राहून पायानं हाणणारा. त्या प्रकाराला कापोइरा म्हणतात हे फार नंतर कळलं, तेव्हा आम्ही त्याला 'नाचणारा' म्हणायचो आणि विषय संपला. त्याची खासियत काय, तर त्याला घेतलं की आपल्याला काही यावंच लागायचं नाही. क्रॉस आणि गोल ही लाथांची दोन बटणं अंगठ्यानं बडवत राहायची, डोळे मिटले तरी चालतंय, गडी आपला गरागरा फिरायचा आणि समोर पॉल असो, किंग असो, तलवार घेतलेला योशिमित्सु असो, आडवा. शाळेत कशातच नंबर न आलेली पोरं एडी घेऊन अख्खी दुपार जिंकायची आणि ज्यानं वहीत कॉम्बो, म्हणजे एकामागं एक बसणारे वार, लिहून पाठ केलेले तो कोपऱ्यात बसून कुरकुरायचा, "एडी नाय घ्यायचा बे, चीटिंग हाय ती."

हे सगळं अशोक चौकाकडच्या एका बोळातल्या व्हिडिओ गेम पार्लरात. तिथलं एक प्लेस्टेशन कायम पालथं घातलेलं असायचं, कारण आतली लेन्स ज्या प्लास्टिकच्या पट्टीवर सरकते ती घासून घासून खाली बसलेली, सरळ ठेवलं की सीडी अडकणार, उलटं केलं की चालू. शेजारी यंत्रमाग, दिवसभर खटाक खटाक, त्यामुळं गेमचा आवाज काही ऐकू यायचा नाही, ठोसा बसला की तोंडानंच ओरडायचं. आणि कंट्रोलर बघण्यासारखे होते. क्रॉस आणि गोलाचं चिन्ह पार पुसून गेलेलं, चौकोन आणि त्रिकोण मात्र शोरूममधून आणल्यासारखे कोरे. त्या गावात कोण काय खेळतंय ते यावरून ओळखावं.

तर यंदा भाच्यानं प्लेस्टेशन फाईव्ह घेतला आणि मामा या नात्यानं टेकन ८ चा खर्च मी उचलला. किती, ते घरात सांगितलेलं नाही. गेम २६ जानेवारी २०२४ ला आलेला, म्हणजे आता तसा जुनाच, पण १९९८ ला थांबलेल्या माणसाला नवाच की. जागा लागते शंभर जीबी. आमच्या गावात नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं त्यामुळं वाट बघायचं सोलापूरकराला कुणी शिकवू नये, पण अर्ध्यात लाईट गेली, मग आली, मग भाच्याच्या आईनं राऊटरच्या प्लगवर मिक्सर लावून शेंगाची चटणी केली, असं करत करत तो एकदाचा उतरला.

आणि मग ती निवड करायची स्क्रीन. बत्तीस जण उभे. टेकन ३ मध्ये सुरुवातीला दहाच असायचे, बाकीचे खेळून खेळून उघडायचे, पण त्या दहात एडी होता! इथं मी वरून खाली बघतोय, डावीकडून उजवीकडं बघतोय, एडी कुठंय?

"मामा, एडी डीएलसी हाय."

"म्हणजे?"

"त्याचे वेगळे पैसे पडतात."

एप्रिल २०२४ पासून गडी विकायला आहे म्हणे, सुटा. ज्याच्या जिवावर आमच्या पिढीनं इज्जत कमावली तो आता सुटा मिळतोय. गेम निघाल्यावर महिन्याभरानं त्यात दुकान पण उघडलं, कपडे-बिपडे विकायला. कपडे घालून हाणामारी करायची असती तर आम्ही लग्नातच गेलो असतो.

बरं हेहाची तरी? तो म्हातारा, उभे शिंगासारखे केस? तो मेलाय. टेकन ७ मध्ये पोरानंच, कझुयानं, त्याला लाव्हात टाकलं. या घराण्याचं पहिल्यापासून हेच, पोरगा बापाला कड्यावरून ढकलतो, मग बाप पोराला ज्वालामुखीत टाकतो, मग नातू उठतो, आपल्याकडं बांधावरून भावकीत चालतं तसं, फक्त कोर्टाच्या तारखा नाहीत. ते सगळं मला मान्य आहे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये हा लाव्हातला माणूस परत आला, आणि तो पण डीएलसी! म्हणजे मेलेल्याला उठवायचे पण पैसे आपणच भरायचे.

ठीक आहे, पॉल घेतला. आता यात 'हीट' म्हणून नवीन प्रकार आहे (त्यावर सोलापूरचा विनोद मी करणार नाही, बाहेर एप्रिल चालू आहे). एका राऊंडला एकदा ती चालू करता येते, मग समोरच्यानं तुमचा वार नीट अडवला तरी त्याची थोडी ताकद जातेच. मग अडवायचं कशाला? सगळे नुसते अंगावर येत राहतात. दम खायचा नाही, मागं सरकून समोरच्याला शिवी द्यायला पण वेळ नाही. शिकवणीचा भाग उघडला तर इतकं समजावून सांगतात की मला वाटलं शेवटी तोंडी परीक्षा पण घेतील. ऑनलाईन गेलो तर कुठल्या तरी पोरानं मला जमिनीला पायच लावू दिला नाही, वरच्या वर हवेत.

माझं एकट्याचंच रडगाणं असतं तर वय झालं म्हणून सोडून दिलं असतं, पण एप्रिल २०२५ ला दुसऱ्या सीझनचं अपडेट आलं आणि मारामारी अजूनच एकतर्फी अंगावर यायला लागली तेव्हा मुरलेले खेळाडूच स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या साईटवर, इतके तुटून पडले की बनवणाऱ्यांना घाईघाईनं दुरुस्ती सोडावी लागली.

दिसायला मात्र देखणा आहे हां गेम. घामाचा थेंब न् थेंब दिसतो. ते नाकारत नाही.

पण खरं दुःख वेगळंच. भाचा म्हणाला, तुला जमत नसेल तर 'स्पेशल स्टाईल' चालू कर, बटण बडवलं तरी आपोआप चांगले कॉम्बो बसतात. म्हणजे अडाण्यांची अधिकृत सोय! अरे आम्ही बडवायचो ते समोरच्यानं चिडावं म्हणून. परवानगी काढून बडवण्यात काय राम आहे? शेजारी मांडीला मांडी लावून बसलेला कुणी 'चीटिंग' म्हणून बोंबलणार असेल तरच त्या जिंकण्याला चव. मी ती सोय बंदच ठेवली आणि पॉल घेऊन क्रॉस-गोल बडवत राहिलो, सवयीनं. पॉलचा जोर बुक्कीत आहे हे माहीत आहे मला, अंगठ्याला माहीत नाही.

आता या गेममध्ये 'घोस्ट' असतं. आपण कसं खेळतो ते मशीन बघून शिकतं आणि आपलं भूत तयार करतं, आपण घरी नसलो तरी दुसरा माणूस त्या भुताशी खेळू शकतो. भाच्यानं माझं पण करून ठेवलंय, न विचारता. तेव्हापासून फोन बंद झालाय, 'मामा ये की' नाही न काही नाही. परवा मीच गेलो तर कार्टं एकटं बसून हसतंय.

"मामा, तुझं भूत पण नुसत्या लाथाच मारायलंय."

"जिंकलं का?"

"नाय. पण हरल्यावर लाईट गेलती म्हणत नाय."