चार्वाक म्हणजे उधळ्या नव्हे

कर्ज काढून मोटार घेणाऱ्याला, पगार हाती येण्याआधीच तो हप्त्यांत वाटून टाकणाऱ्याला किंवा खाण्यापिण्यात रमलेल्या कुणालाही ‘चार्वाकाचा चेला’ म्हणण्याची रीत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. कोल्हापुरात तर हा शब्द दोन्ही अंगांनी कानावर पडतो. व्यासपीठावरचा वक्ता तो निषेधाने उच्चारतो, आणि शेतावरच्या रस्सा मंडळात तांबड्या-पांढऱ्याची वाटी पुढे ओढणारा शिकलासवरलेला माणूस तोच शब्द अभिमानाने स्वतःला लावून घेतो. निंदा असो वा कौतुक, दोघांच्या मनातला अर्थ एकच असतो : ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’, म्हणजे कर्ज काढा पण तूप प्या, असे सांगणारा बेफिकीर माणूस. हा अर्थ चुकीचा आहे, आणि तो चालू राहिल्याने परलोक न मानणाऱ्या चार्वाक दर्शनाला, म्हणजे आपल्याच परंपरेतील एका मोठ्या विचाराला, आपण मुकतो, असे मला मनापासून वाटते.

ज्या ओळीवर हा सगळा अर्थ उभा आहे, ती आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथातून. माधवाचार्य वेदान्ती होते. चार्वाकांचे दर्शन त्यांनी पहिल्या प्रकरणात मांडले ते पुढच्या दर्शनांकडून त्याचे खंडन व्हावे म्हणून. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या एकाच प्रकरणात हा श्लोक दोन वेगळ्या रूपांत येतो. आरंभी त्याचे रूप ‘यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः’ असे आहे : जिवंत आहोत तोवर सुखाने जगावे, कारण मृत्यूच्या तावडीबाहेर कुणीही नाही. त्यात कर्ज नाही आणि तूपही नाही. प्रकरणाच्या अखेरीस मात्र ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ हे शब्द येतात. माधवाचार्यांच्या कित्येक शतके आधी होऊन गेलेल्या जयन्तभट्टांच्या ‘न्यायमंजरी’तही मृत्यूचा उल्लेख असलेले रूपच आढळते. तेव्हा कर्ज आणि तूप ही मागाहून पडलेली भर आहे, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे, आणि मला तो पूर्णपणे पटतो. मूळ श्लोकात मरणाचे भान आहे. त्याच्या जागी तुपाची वाटी आणून ठेवली की विचार आपोआप हलका होतो.

बृहस्पतीच्या नावावर सांगितली जाणारी या पंथाची सूत्रे आज सलग उपलब्ध नाहीत. जी वाक्ये उरली आहेत ती बहुतेक विरोधकांनी खोडून काढण्यासाठी उद्धृत केलेली आहेत. वादीची कैफियत वाचून प्रतिवादीचा स्वभाव ठरवावा, तसेच आपण चार्वाकांच्या बाबतीत करत आलो आहोत. तरीही त्या तुटक वाक्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती म्हणजे त्यांचा खरा झगडा प्रमाणाविषयी होता. एखादी गोष्ट खरी आहे हे तुम्ही कशावरून म्हणता, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्यक्ष अनुभव हेच त्यांच्या दृष्टीने भक्कम प्रमाण. म्हणून त्यांना अनुमान अजिबात मान्य नव्हते, असे सरसकट सांगितले जाते, पण तेही अपुरे आहे. बौद्ध आचार्य कमलशील यांनी आठव्या शतकात पुरंदर नावाच्या चार्वाकाचे मत नोंदवून ठेवले आहे. त्यानुसार लोकव्यवहारात चालणारे अनुमान चार्वाकांना मान्य आहे. अनुभवाच्या पलीकडे झेप घेणारे, परलोकाची वार्ता सांगणारे अनुमान तेवढे मान्य नाही. धूर दिसला की विस्तव असणार, हे पुरंदराला चालते. स्वर्गाचे वर्णन चालत नाही. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त सांख्य आणि योग यांच्या बरोबरीने लोकायताची, म्हणजे चार्वाकमताची, गणना आन्वीक्षिकीत केली आहे, म्हणजे तर्काने तपासून पाहण्याच्या विद्येत. उधळेपणाच्या पंथाला राजाच्या अभ्यासक्रमात कौटिल्याने जागा दिली असती का?

सुखाविषयी ते बोलत होते, हे खरेच आहे. पण काय बोलत होते? दुःखाची भेसळ आहे म्हणून सुख टाकून द्यावे, या उपदेशाला त्यांनी दिलेले उत्तर माधवाचार्यांनीच नोंदवले आहे : हरणे आहेत म्हणून कुणी भात पेरायचे थांबत नाही, आणि भिकारी आहेत म्हणून कुणी चुलीवर भांडे चढवायचे थांबत नाही. राधानगरीच्या बाजूला गव्यांच्या आणि आजरा-चंदगडकडे हत्तींच्या त्रासाला तोंड देत दर वर्षी भाताची लावण करणाऱ्या शेतकऱ्याला या वाक्याचा अर्थ सांगायला टीकाकाराची गरज नाही. हे वाक्य ऐषारामाचे नव्हे; नुकसान होईल हे ठाऊक असूनही कष्टाने पीक उभे करणाऱ्या माणसाचे आहे.

आता कर्जाकडे वळू. उसनवारीने थाटमाट करण्यासाठी मराठीत ‘ऋण काढून सण करणे’ हा उत्तम वाक्प्रचार आहे आणि त्यातला शब्द सण आहे, तूप नव्हे. आपल्या भागातले कर्ज आठवून पाहावे. ऊसबिलाच्या भरवशावर लग्नाचा मंडप पडतो, सोसायटीचे आणि सावकाराचे पैसे एकत्र करून वास्तुशांतीचे जेवण होते, तेराव्यालाही भावकी काय म्हणेल या धाकाने ऐपतीबाहेर पंगती उठतात. या खर्चावर सर्वांत कठोर प्रश्न विचारला तो चार्वाकांनीच. मेलेल्याची तृप्ती श्राद्धाने होत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी बरोबर घेण्याचे कारणच काय, घरच्यांनी घरी पान वाढले की पुरे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ज्या कारणासाठी माणूस कर्जात बुडतो, तेच कारण नाकारणाऱ्याला आपण कर्जबाजारीपणाचा गुरू ठरवले आहे. आणि बियाणे, खत, पाणीपट्टी यांसाठी पीककर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला उद्देशून जेव्हा एखादा पोटभर जेवलेला माणूस हाच शब्द वापरतो, तेव्हा तो एकाच वेळी तत्त्वज्ञावर आणि त्या शेतकऱ्यावर अन्याय करतो. मला या वापराचा राग येतो, तो याच कारणाने.

नावाची अशी दुर्दशा एकट्या चार्वाकाच्या वाट्याला आलेली नाही. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावरून आलेला ‘एपिक्युरिअन’ हा शब्द आज चोखंदळ, चैनी खवय्याला लावतात. प्रत्यक्षात तो साधे जेवण जेवणारा होता, आणि मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून त्याने मित्राकडे मागितले ते थोडेसे चीज.

महाभारताच्या शांतिपर्वात चार्वाक नावाचे एक पात्र आहे. युद्ध जिंकून युधिष्ठिर हस्तिनापुरात येतो, तेव्हा भिक्षूच्या वेषातला हा चार्वाक सर्वांसमक्ष त्याला आप्तांचा संहार केल्याबद्दल दोष देतो, आणि तो दुर्योधनाचा मित्र राक्षस आहे असे सांगून ब्राह्मण त्याला आपल्या हुंकाराने जाळून टाकतात. हे पात्र आणि दर्शनकार चार्वाक एकच, असे म्हणण्याला आधार नाही. परंतु विजयाच्या मिरवणुकीत मेलेल्यांचा हिशेब मागणाऱ्याला कवीने हेच नाव दिले, याची आठवण मला हा शब्द ऐकताना नेहमी होते.

उधळ्याला उधळ्या म्हणावे, चैनखोराला चैनखोर म्हणावे. मराठीत शब्दांची वाण नाही. ‘चार्वाक’ हा शब्द मी वेगळ्या माणसासाठी वापरतो. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात थोड्या महिन्यांत पैसे दुप्पट करून देण्याच्या योजनांनी कितीतरी घरे पोखरली. निवृत्त माणसांचा फंड गेला, बायकांचे दागिने गेले. अशा योजनेच्या सभेत, भारावलेल्या गर्दीतून उठून, हा परतावा कोणत्या धंद्यातून येणार ते आधी दाखवा, असे शांतपणे विचारणारा आणि उत्तर मिळेपर्यंत खाली न बसणारा माणूस भेटला, तर त्याला चार्वाकाचा चेला म्हणावे.