रडूबाईचा जबाब

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा सरळ राग आला. दोन दिवस गेले, मग माझाच लेख शेजारी उघडून ती पुन्हा वाचली आणि राग बराचसा ओसरला. का ते सांगते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: गेल्या काही वर्षांत मला हलवून गेलेल्या चार पुस्तकांबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हा पुस्तकांचा परिचय नसून रडण्याची रोजनिशी आहे. ‘प्रत्येक पुस्तकाखाली डोळे पाणावले. डोळ्यांत कचरा गेला तरी पाणावतात. भाषा, रचना, माणसं यांबद्दल धड एक ओळ नाही. वर जे पुस्तक अर्ध्यात टाकलं त्याला नावं ठेवायची. वैयक्तिक मतं वहीत लिहावीत.’ आणि सुरुवातीलाच ‘रडूबाई’ ही पदवी.

मी मोजलं. ‘डोळे पाणावले’ चार वेळा, ‘काळीज पिळवटलं’ दोनदा, ‘सुन्न झाले’ एकदा. एवढ्याशा लेखात सात वेळा मी वाचणाऱ्याला माझी अवस्था कळवली होती आणि त्या अवस्थेला मी कशी पोचले ते एकदाही सांगितलं नव्हतं. आपल्या जुन्या काव्यशास्त्रात या चुकीला नाव आहे, स्वशब्दवाच्यता. मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त रसदोष सांगितलेत, त्यांची सुरुवातच या दोषापासून होते. शोक उभा करायचा तर ‘शोक’ हा शब्द लिहून भागत नाही. त्याची कारणं दाखवा, माणूस त्यात काय करतो ते दाखवा, बाकीचं वाचणारा बघून घेईल. मम्मट हे कवींना बजावत होता, पण पुस्तकांवर लिहिणारीला त्यानं सूट दिली असती असं वाटत नाही. तेव्हा कचऱ्याबद्दलचं वाक्य मान्य.

इथून पुढे मात्र आपलं जमत नाही. तुमचं म्हणणं असं दिसतं, की वाचणाऱ्याचं काय झालं हा प्रश्नच गैरलागू आहे, जे काही आहे ते पानावर शोधा. ही भूमिका नवी नाही. विमसॅट आणि बिअर्ड्सली या दोघा अमेरिकनांनी १९४९ मध्ये तिला ‘अफेक्टिव्ह फॅलसी’ असं नाव दिलं: कविता काय आहे आणि ती काय करते यांत गल्लत करू नका, नाहीतर टीका म्हणजे ज्याची त्याची हळहळ होऊन बसेल. माझा तो लेख वाचून ते दोघं समाधानानं माना डोलवतील. पण चौदाव्या शतकातला विश्वनाथ ‘साहित्यदर्पणा’त अगदी उलट बाजूनं येतो. करुणरसातही आनंद मिळतो याला पुरावा काय? तर सहृदयांचा, म्हणजे जाणत्या रसिकांचा, अनुभव, तेवढाच. आणि त्यात नुसतं दुःखच असतं, तर त्याच्याकडे कुणी वळलंच नसतं. एवढा मोठा साक्षीदार उभा केल्यावर हेही कबूल करते, की त्याचा सहृदय म्हणजे रात्री दीड वाजता नाक पुसणारी मी नव्हे. त्याच्या सहृदयाचा वाचनाचा रियाज दांडगा असतो.

तर रडू हा निकाल नाही. पण ते कुठं आलं हे शोधता येतं, आणि शोधलं की बहुतेक वेळा भलतीच जागा निघते. माझी सवय सांगते. पुस्तकात जिथं घसा दाटतो तिथं मी पेन्सिलीनं समासात एक टिंब करून ठेवते. दुसऱ्या दिवशी, डोकं थंड झाल्यावर, त्या टिंबापासून मागं वाचत जाते. हे मी लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण टिंबं खाजगी वाटत होती आणि अश्रू चारचौघांत चालतात असं वाटत होतं. उलटं असायला हवं होतं.

क्लेअर कीगनचं ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ घ्या. २०२१ चं पुस्तक, सव्वाशे पानंही नाहीत, २०२२ मध्ये बुकरच्या लघुयादीत होतं. १९८५ च्या नाताळच्या आधीचे दिवस, आयर्लंडमधलं न्यू रॉस. बिल फर्लाँग कोळसा आणि लाकूडफाटा विकतो, पाच मुलींचा बाप आहे. कॉन्व्हेंटमध्ये माल टाकायला जातो तेव्हा कोळशाच्या कोठीत कोंडलेली एक मुलगी त्याला सापडते. माझ्या बाळाबद्दल त्यांना विचाराल का, असं ती विचारते. बाळ चौदा आठवड्यांचं.

माझं टिंब या पानावर असेल असं मलाही वाटत होतं. नव्हतं. ते निघालं पुढे, कॉन्व्हेंटची प्रमुख, मदर सुपिरियर, त्याला आत बसवून चहा देते त्या प्रसंगात. खोलीत ऊब आहे, बोलणं गोड आहे, मुलींची चौकशी चालली आहे. त्याच्या मुलींची शाळा याच नन्सच्या हातात आहे. ती चौकशी म्हणजे धमकी आहे हे त्याला कळतं, आपल्यालाही कळतं, आणि बाईंचा आवाज कुठं चढलेला नसतो. निघताना त्या बायकोसाठी म्हणून नाताळच्या शुभेच्छांचं पाकीट देतात, आत पैसे. नाइलाजानं का होईना, तो ते घेतो.

मी रडले ती त्या पाकिटावर. कोंडलेल्या मुलीची दया आली होती, पण दया दुरून येते. पाकीट मी घेतलं होतं. आता मागं वाचत गेल्यावर दिसतं, की हे साधायला कीगनला किती पानं खर्ची घालावी लागली आहेत: फर्लाँगचा कामसूपणा, बिनबापाचं लहानपण, आईला आसरा देणारी मालकीण, घरातल्या मुलींची पत्रं. हा माणूस भला आहे याची आपल्याला खात्री पटल्याशिवाय ते पाकीट जड होत नाही. मुलींना डांबून धुण्याच्या कामाला जुंपणाऱ्या अशा जागांना मॅग्डलेन लाँड्री म्हणत, आयर्लंडमधली शेवटची १९९६ मध्ये बंद झाली हे मला नंतर कळलं आणि त्यानं संताप आला. पण संताप इतिहासाचा, रडू पाकिटाचं. तुम्ही रचना म्हणता ती हीच ना? मग माझ्या रडण्यानंच मला तिच्यापर्यंत नेलं.

आता तुमचा विजय. पॉल कलानिथीच्या ‘व्हेन ब्रेथ बिकम्स एअर’बद्दल मी लिहिलं होतं, की त्याच्या भाषेनं काळीज पिळवटलं. हा मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, ३६ व्या वर्षी फुप्फुसाचा कर्करोग, मार्च २०१५ मध्ये तो गेला आणि अपुरं राहिलेलं पुस्तक जानेवारी २०१६ मध्ये आलं. तुमची प्रतिक्रिया वाचून मी प्रत काढली. चार टिंबं सापडली, चारही उपसंहारात. आणि उपसंहार त्याचा नाही, त्याच्या पत्नीचा, ल्यूसीचा आहे. म्हणजे तिच्या पानांवर रडून मी श्रेय त्याला देऊन मोकळी झाले होते.

बरं, त्याच्या शेवटच्या परिच्छेदाजवळ काहीच खूण नाही. तो परिच्छेद मुलीला उद्देशून आहे, बाप गेला तेव्हा ती आठ महिन्यांची होती. तो तिला उपदेश करत नाही, तिच्याकडून काही मागत नाही, फक्त तिनं मरणाऱ्या माणसाचे दिवस कसे भरून टाकले ते तिला सांगतो. परवा थंडपणे वाचलं तर सबंध पुस्तकात तोच सर्वांत नेटका लिहिलेला वाटला, आणि पहिल्या वाचनात मी त्याच्यावरून झरकन पुढे गेले होते. या पुस्तकाची आणखी एक अडचण आहे. लेखक आता नाही हे आपल्याला पहिलं पान उघडण्याआधीच ठाऊक असतं. निम्मं रडू आपण घरून घेऊन आलेलो असतो. ते पुस्तकाच्या खात्यावर जमा करायचं की नाही? मला वाटतं, करू नये. पण ते खरं नव्हतं असंही म्हणवत नाही.

‘अ लिटल लाइफ’वरून तुम्ही जास्त चिडलात. हान्या यानागिहाराची ही कादंबरी २०१५ ची, सातशेच्या वर पानं, तीही बुकरच्या लघुयादीत. मी निम्म्याच्या थोडं पुढे गेले आणि मिटली, आणि तिला ‘रडवण्याचा कारखाना’ म्हटलं. अर्धवट वाचून मत देऊ नये, हे तुमचं म्हणणं. पुस्तक शेवटी कुठं पोचतं याबद्दल मी खरंच बोलू नये. पण मी का थांबले याबद्दल बोलायला मला शेवटचं पान लागत नाही.

मी थांबले, कारण टिंबं थांबली. पहिल्या दीडशे-दोनशे पानांत पाच-सहा आहेत, पुढं एकही नाही, आणि कादंबरीचा नायक जूड याच्या वाट्याला येणारं क्रौर्य मात्र वाढतच चाललेलं. आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त हे सांगून ठेवलंय: परिपोष झालेला, म्हणजे पुरता फुललेला, रस पुनःपुन्हा पेटवत राहिलं तर तो चुरगाळलेल्या फुलासारखा होतो. मम्मट तर या दोषाला थेट कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तल्या रतिविलापाचं, मदन जळाल्यावर रतीनं केलेल्या शोकाचं, उदाहरण देतो. कालिदासाला सोडलं नाही, तिथं आपली काय कथा. याच मुद्द्यावर तिकडेही जुंपली होती. डॅनियल मेंडेलसन यांनी ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये कादंबरीवर सडकून टीका केली, आणि तिचे संपादक जेराल्ड हॉवर्ड यांनी पत्र लिहून तिची बाजू घेतली. संपादकानं समीक्षकाशी उघड भांडावं हे रोज घडत नाही.

पण माझ्या एका मैत्रिणीनं ती कादंबरी दोनदा वाचली आहे आणि ती मला ऐकवते, की तुला जूड बरा व्हायला हवा होता, तो होत नाही म्हणून तू चिडलीस. कधीच बरा न होणारा माणूस लिहायचा होता, असं यानागिहारा स्वतःही म्हणाली आहे. मैत्रिणीच्या म्हणण्यात तथ्य असावं. दुःखाला उतार असलाच पाहिजे ही माझी सवय असेल, नियम नसेल. ‘कारखाना’ हा शब्द मी मागे घेते. फूल चुरगाळलं हे मागे घेत नाही.

तुम्ही हान कांग या कोरियन लेखिकेबद्दल काहीच बोलला नाहीत. लेखातला तो भाग सर्वांत कच्चा होता, म्हणून जरा आश्चर्य वाटलं. ‘ह्यूमन ॲक्ट्स’, मूळ कोरियन २०१४ चं, मे १९८० मध्ये ग्वांगजूत लष्करानं केलेल्या कत्तलीबद्दल. पहिल्या प्रकरणात दोंग-हो हा शाळकरी मुलगा व्यायामशाळेत आणून ठेवलेल्या प्रेतांची नोंद वहीत करतो: स्त्री की पुरुष, अंदाजे वय, अंगावर कपडे काय, पायातले बूट कुठल्या कंपनीचे. वास कमी व्हावा म्हणून मेणबत्त्या लावतो. हे सगळं त्याला उद्देशून सांगितलं आहे, तृतीयपुरुषात नाही. इंग्रजीत तिथं ‘यू’ आहे, आणि त्या ‘यू’वरून वय, नातं, काही कळत नाही. पण कोरियनमध्ये आपल्यासारखीच जवळिकीची आणि अदबीची संबोधनं वेगळी असतात, आणि मराठी माणसाला त्या ‘यू’च्या जागी आपोआप ‘तू’ ऐकू येतं. शेवटाकडे त्याची आई बोलते, तेव्हा तर ऐकूच येतं. रस्त्यात एक मुलगा पाठमोरा दिसतो आणि ती त्याच्या मागं मागं चालत जाते. तिथं ‘तू’ म्हणणारी आई आणि ज्याला म्हणायचं तो नाही. माझं टिंब मात्र मागं, बुटांवर होतं. बूट कुठल्या कंपनीचे हे लिहून ठेवायचं, कारण चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखी राहिलेली नसेल. पुस्तक हे सांगत नाही. मला कळायला दुसरा दिवस उजाडला.

‘वैयक्तिक मतं वहीत लिहावीत’ याला काय उत्तर देऊ? माझ्याकडे दुसऱ्या कुणाची मतं नाहीत. लेखातली ती सात वाक्यं मात्र काढते आहे. त्यांच्या जागी टिंबांची पानं येतील.

एक राहिलं. तुमच्या प्रतिक्रियेच्या अगदी शेवटी, कंसात, एक ओळ आहे: ‘मीही एक पुस्तक तिसऱ्या प्रकरणात मिटलं, पुन्हा उघडलं नाही, पण म्हणून त्याचा गाजावाजा केला नाही.’ एवढ्या लांब प्रतिक्रियेत ही एकच ओळ तुमच्याबद्दल आहे. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. कितव्या पानावर मिटलंत तेवढं सांगा.