आत्याला थीम पार्कात न्यायची शास्त्रोक्त पद्धत

प्रत्येक घरात एक गुडघा असतो. तुमच्या घरात नसेल तर तो दिवाळीत पाहुणा म्हणून येतो. आमच्याकडचा गुडघा आत्याचा. वय ७१, दोन्ही वाट्या झिजलेल्या, डॉक्टरांनी ‘आता बदलूनच टाका’ म्हटल्याला तीन वर्षं झालीत आणि आत्याचं उत्तर ठरलेलं आहे, ‘बघू संक्रांतीनंतर.’ कुठल्या संक्रांतीनंतर ते तिने अजून सांगितलेलं नाही.

तर अशा माणसाला घेऊन थीम पार्कला कसं जावं? आमचा ताजा अनुभव आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिलं म्हणजे तिला विचारू नका. विचारलं की ती ‘मी कशाला, तुम्ही जा’ म्हणणार, मग आपल्याला आग्रह करावा लागणार, आणि त्या आग्रहात एखादा शब्द खरा निघून गेला तर पंचाईत. त्यापेक्षा सरळ तिकीट काढून मोकळं व्हावं. ज्येष्ठ नागरिकांना बहुतेक ठिकाणी सवलत असते आणि ती अगदी रास्त आहे, कारण ज्येष्ठ नागरिकाने पार्कचं काय वापरायचं असतं? एक बाकडं. गाडीत पुढची सीट मात्र तिलाच द्या. तेवढं पुण्य संध्याकाळपर्यंत पुरतं.

फाटकावर व्हीलचेअर मिळते. आधार कार्ड आणि अनामत ठेवली की आतून एक मुलगा खुर्ची ढकलत आणतो, आणि ती येतानाच बघून घ्यावी, कारण ती सरळ येत नाही. आमच्या खुर्चीचं पुढचं डावं चाक स्वतंत्र विचारांचं होतं. उजव्या पायाची फळी गायब होती, तिच्या जागी सुतळी बांधलेली होती आणि सुतळीला चांगला तीन-चार वर्षांचा कळकटपणा होता, म्हणजे हा तात्पुरता उपाय बराच काळ टिकलेला. दुसरी खुर्ची मागू नका. दुसरी असते, पण तिला ब्रेक नसतो. खुर्चीचा एक फायदा मात्र कुणी सांगत नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायला मनाई असते, आणि फाटकावरचा गार्ड कॉलेजच्या पोरांच्या सॅक उलट्या करतो, पण शाल पांघरून बसलेल्या आजीला ‘जरा उठा’ म्हणायची त्याची हिंमत होत नाही. चकल्यांचा डबा आणि अठरा मेथीचे ठेपले आमच्या आत्याखालून आत गेले.

आत शिरलात की पेव्हर ब्लॉक सुरू होतात. ही लादी थीम पार्कवाल्यांना फार आवडते. दोन ब्लॉकमधल्या फटीत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं बरोब्बर बसतात, जणू मापं घेऊन केलीत. खुर्ची जागच्या जागी थांबते, माणूस थांबत नाही.

मग चढ. चढाचा नियम साधा आहे, एकास बारा. एक फूट उंची गाठायची तर उतार बारा फूट लांब हवा, म्हणजे ढकलणाऱ्याची छाती फुटत नाही आणि बसलेल्याचा जीव मुठीत येत नाही. आम्ही गेलो त्या पार्कात उपाहारगृहाला सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या होत्या. दोन फूट उंची, हिशेबाने चोवीस फुटांचा उतार. प्रत्यक्षात होता सहा फुटांचा. तो कोल्ड्रिंकच्या क्रेटसाठी केलेला असावा. क्रेटची काही तक्रार नसते. वर जाताना आम्ही तिघांनी ‘हर हर महादेव’ करून ढकललं. खाली येताना खुर्ची उलटी फिरवून, पाठ उताराकडे करून, मागे मागे उतरवायची असते, नाहीतर बसलेलं माणूस पुढे घरंगळतं. हे आम्हाला तिथल्या झाडूवाल्या मावशींनी सांगितलं. तोवर आत्या एकदा घरंगळून झाली होती.

अशा वेळी कुणीतरी, बहुधा तुमचा वकिली शिकणारा पुतण्या, कायद्याचं नाव काढतो. त्याला काढू द्या, रांगेत वेळ जातो. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा आहे. त्यात ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोक करमणुकीसाठी जातात ती खासगी जागाही त्यात येते, असं स्वच्छ लिहिलंय. जुन्या इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम निघाले २०१७ मध्ये, म्हणजे मुदत २०२२ला संपली. मजा पुढे आहे. कायदा म्हणतो ‘केलंच पाहिजे’, आणि त्याखालचे नियम असे लिहिलेले की वाचणाऱ्याला वाटावं, केलंत तर बरं दिसेल. हे ध्यानात यायला ८ नोव्हेंबर २०२४ उजाडली. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्यातला नियम क्रमांक १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे निकष आणायला सांगितले. पुतण्याला आणखी एक गोष्ट सापडली. कायद्याच्या व्याख्येत नुसता माणसाचा अवयव येत नाही, त्याच्या वाटेत येणारे अडथळेही येतात. म्हणजे गुडघा अर्धा आत्याचा आणि अर्धा त्या सहा फुटी उताराचा. आत्या म्हणाली, ‘मग अर्धं ऑपरेशन त्यांनी करून द्यावं.’

स्वच्छतागृहाबद्दल थोडक्यात. दारावर खुर्चीचं निळं चित्र असलेली खोली असतेच. ती कुलूपबंद असते, किल्ली सुपरवायझरकडे असते, सुपरवायझर जेवायला गेलेला असतो. उघडल्यावर आत दोन पोछे, फिनेलचा कॅन, बादल्यांची उतरंड आणि मागच्या वर्षीचा नाताळबाबा निघाला. त्यांना बाहेर काढून आत्याला आत जाता आलं असतं. पण आत्या अनुभवी आहे. ती अशा सहलीच्या आदल्या रात्री नऊनंतर पाणी पीतच नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी दोन वाजता तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती म्हणत होती, ‘मला तहानच लागत नाही रे.’ तुमच्याही घरच्या गुडघ्याला ही सवय असेल. कौतुक करा. नियोजन म्हणतात याला.

आता मुख्य लाभाकडे येऊ, तो म्हणजे रांग. व्हीलचेअरवाल्यांना बऱ्याच राईडना बाहेर पडायच्या दारातून आत घेतात. हे कळल्याबरोबर आत्याची प्रकृती हा साऱ्या कुटुंबाचा विषय होतो. सकाळपासून खुर्ची ढकलायला कुणी मिळत नव्हतं. आता दोन हँडलांना चार हात. आमचे साडू, जे गाडीतून उतरल्यापासून ‘मी जरा बघून येतो’ म्हणून गायब होते, ते उगवून आत्याच्या पाठीमागे इतक्या मायेने उभे राहिले की रांगेतल्या एका बाईंनी त्यांना ‘मुलगा का?’ विचारलं.

यात लाज वाटून घेऊ नका. जगभर चालतं. २०१३ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आलं होतं की मॅनहॅटनच्या काही श्रीमंत आया डिस्ने वर्ल्डला जाताना एक दिव्यांग गाइड भाड्याने घेतात, तासाला १३० डॉलर, आठ तासांचे १,०४०, आणि तिच्या जोरावर सगळं कुटुंब रांग टाळतं. आपण निदान घरचंच माणूस वापरतो. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून डिस्नेने दिव्यांगांना रांग टाळू देणारं जुनं कार्ड बंद करून नवी पद्धत आणली. रांगेत उभं राहू नका, पण रांगेइतकाच वेळ दुसरीकडे काढून ठरल्या वेळी या. २०२४ मध्ये तीही मुख्यतः स्वमग्नतेसारख्या अडचणी असणाऱ्यांपुरती ठेवली, कारण खुर्ची जाईल इतक्या रुंद रांगा तिथे बहुतेक ठिकाणी आहेतच. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ सासूबाईंना घेऊन ऑरलँडोला, त्याच डिस्ने वर्ल्डला, गेला तेव्हा त्या खुर्चीसकट सगळ्यांबरोबर रांगेत होत्या आणि बोटीच्या राईडला तर खुर्ची तशीच चढेल अशी वेगळी बोट आली. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत होता. एवढ्या लांब सासूबाईंना नेलं आणि दहा मिनिटंसुद्धा वाचली नाहीत!

अर्थात तिथेही सगळं आलबेल नाही. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये २००९ साली याच प्रकारची बोटीची राईड बंद पडली. बाकीचे लोक उतरून चालत गेले, व्हीलचेअरवरचा एक गृहस्थ अर्धा तास आतच अडकला, आणि तेवढा वेळ त्या राईडचं एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजत होतं. न्यायालयाने त्याला ८,००० डॉलर देवविले. हा किस्सा मी आत्याला सांगितला तर ती म्हणाली, ‘आपल्या सोसायटीच्या गणपतीत मला दहा दिवसांचे किती मिळतील?’

तेव्हा राईडच्या तोंडाशी असलेला फलक मन लावून वाचा. हृदयविकार, उच्च रक्तदाब, पाठ, मान, नुकतंच झालेलं ऑपरेशन, स्वतःहून चढता-उतरता न येणं. वाचताना आपल्या घरचं रेशनकार्ड वाचल्यासारखं वाटतं. या शेवटच्या अटीत तथ्य आहे बरं का. राईड वरच अडकली तर कधी कधी पायऱ्यांनी उतरावं लागतं. पण हे समजून सांगायला तिथे कुणी नसतं. मानेने ‘नाही’ म्हणणारा एक मुलगा असतो. मग बाकीचे आत जातात, आत्या बाहेर राहते, आणि आपण मूळ योजनेवर येतो. बाकडं.

बाकडं निवडणं ही कला आहे. ते रोलर कोस्टरच्या बाहेर पडायच्या दाराजवळ हवं, म्हणजे आपल्याला लांब चालायला नको. सावली हवी. सकाळी अकराला सावली आहे एवढं बघितलं की आपलं काम झालं. दुपारी ती सरकते हा सूर्याचा प्रश्न. मग आत्याच्या भोवती सामान रचा. लॉकरला पैसे पडतात, शिवाय त्याची वेळ संपते. आत्याची वेळ संपत नाही. सॅक, पर्स, ओले टॉवेल, साडूंची टोपी, पाच मोबाइल, चपला. मोबाइल मांडीवर, म्हणजे वाजला तर तिला कळेल. कुणाचा आहे हे तिला ओळखता येणार नाही, पण सोबत होते. निघताना ‘आलोच पंधरा मिनिटांत’ म्हणायचं. ‘कंटाळा नाही ना येणार?’ हे पाठ फिरवल्यावर विचारायचं.

१९९०च्या दशकात मला पहिल्यांदा एस्सेलवर्ल्डला आत्यानेच नेलं होतं, गोराईला, बोटीतून. मी तीन वाजताच दमून जमिनीवर फतकल मारली होती. तेव्हा तिला हे बाकड्याचं तंत्र माहीत नसावं, कारण तिने मला काखेत मारून संध्याकाळपर्यंत फिरवलं. माहितीअभावी माणसं किती कष्ट उपसतात.

एवढी दक्षता घेऊनही कधी कधी घात होतो, तेही सांगून ठेवतो. साडेचारला आम्ही बाहेर आलो तर बाकड्यावर आत्या नव्हती. सामान होतं. सगळ्या पट्ट्यांतून तिची ओढणी ओवून गच्च गाठ मारलेली, आणि शेजारी सोलापूरच्या एक अनोळखी आजी, त्यांच्या त्यांच्या सहा पिशव्यांसकट. पहिला प्रश्न मी विचारला तो असा, ‘मोबाइल सगळे आहेत ना?’ दुसरा आत्याबद्दल होता.

आजींनी हाताने दाखवलं. समोरून टॉय ट्रेन येत होती. तिचा शेवटचा डबा सपाट. दार खाली पाडलं की त्याचाच उतार होतो आणि खुर्ची अलगद आत जाते. सकाळपासून आम्ही त्या गाडीसमोरून चार वेळा गेलो होतो. डब्यात सुतळीवाली खुर्ची, खुर्चीत आत्या, मांडीवर चकल्यांचा डबा, आणि तिच्याशेजारी झाडूवाल्या मावशी, जेवणाच्या सुटीत.

‘तिसरी फेरी रे!’ आत्या ओरडली. ‘तुम्ही दमला असाल. बसा जरा तिथे.’

गाडी थांबली, पण ती उतरायला थांबली नव्हती. सोलापूरच्या आजींनी आपल्या पिशव्या माझ्याकडे सरकवल्या, काठी टेकली आणि ‘आता माझा नंबर’ म्हणत निघाल्या. पोरं त्यांच्यामागे पळाली. साडू ‘मी जरा बघून येतो’ म्हणाले. मी अकरा डागांच्या मधोमध बसलो. बाकडं लोखंडी होतं आणि ऊन आता थेट त्याच्यावर होतं. सकाळपासून मी तीन बाटल्या पाणी प्यायलो होतो आणि स्वच्छतागृह उपाहारगृहाच्या पलीकडे होतं, पण सामान टाकून जायचं कसं?