सिंगापूरमध्ये सरकारने हातच घातला नाही? तसं नाही

‘सिंगापूरने सगळं बाजारावर सोडलं, म्हणून ते श्रीमंत झालं,’ असा एक मेसेज फिरतोय. हे अर्धंच खरं आहे. आयातशुल्क जवळपास शून्य, कर कमी, परदेशी कंपन्यांना मोकळं रान, इथवर ठीक.

पण घरांचं काय? १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या फ्लॅटमध्ये तिथले सुमारे ८० टक्के रहिवासी राहतात. फ्लॅट ‘मालकीचा’ म्हणतात खरा, पण तो ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, जमीन सरकारचीच. १९६६च्या कायद्याने सरकारने खासगी जमिनी सक्तीने ताब्यात घेतल्या. हप्तेही बहुतेकजण भरतात ते पगारातून सक्तीने कापल्या जाणाऱ्या भविष्यनिर्वाह निधीतून. ही मुभा १९६८ पासूनची. दुसऱ्या कुठल्या देशाने हे केलं असतं, तर मेसेज लिहिणाऱ्यानेच ‘सरकारशाही’ म्हणून बोटं मोडली असती!

सिंगापूर एअरलाइन्समध्येही मोठा वाटा टेमासेकचा, म्हणजे १९७४ साली काढलेल्या सरकारी गुंतवणूक कंपनीचा.

आता यावरून कुणी ‘बघा, समाजवाद जिंकला’ म्हणेल, तर तेही ओढूनताणूनच. किमान पाच वर्षं राहिल्यावर तोच सरकारी फ्लॅट विकता येतो, आणि भाव घेणारा-देणारा आपसांत ठरवतात.