फक्त गणितासाठीच हवाय!

आलेख काढून दाखवणाऱ्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरची मागणी घरात येते ती फार शहाण्या भाषेत येते. "फंक्शन्सचा धडा सुरू झालाय." "सरांनी सांगितलंय." "सगळ्यांकडे आहे." या तीन वाक्यांत 'गेम' हा शब्द कुठेच नसतो, म्हणूनच तो तिथे आहे असं खुशाल समजावं. मोठी माणसंही काही कमी नसतात. त्यांच्या मते कॅल्क्युलेटर तो कॅल्क्युलेटर, असतील चार बटणं जास्त. मग मॉडेलांची यादी समोर येते. टीआय-84 प्लस, टीआय-84 प्लस सीई, एनस्पायर सीएक्स टू, एनस्पायर सीएक्स टू कॅस, एफएक्स-सीजी50, एचपी प्राइम, नमवर्क्स. चौथ्या नावापाशी माणूस निमूटपणे चष्मा पुसायला घेतो.

आधी या यंत्राची कुवत समजून घ्यावी, म्हणजे अपेक्षा जमिनीवर येतात. बाजारात आलेला पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर कॅसिओचा, एफएक्स-7000जी, 1985 सालचा. टीआय म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, तिचा टीआय-84 प्लस आला 2004 मध्ये. त्याच्या पोटात झेड80 घराण्यातला प्रोसेसर आहे आणि ते घराणं 1976 पासूनचं. स्क्रीन 96 बाय 64, म्हणजे एकूण 6,144 ठिपके. मोबाइलवरच्या एका ॲपच्या चिन्हात याहून जास्त ठिपके असतात. वापरायला रॅम 24 किलोबाइट. 2015 च्या सीईत रंग आहेत, स्क्रीन 320 बाय 240 आहे आणि बॅटरी चार्ज होणारी, पण झेड80 चं रक्त तेच. एवढं म्हातारं यंत्र अजून दप्तरात का आहे? मोबाइल परीक्षेला नेता येत नाही म्हणून. बाकी कारणं जाहिरातीतली.

आता निवड. माझा सल्ला ऐकून कोणालाच आनंद होत नाही: वर्गात शिकवताना जे मॉडेल वापरतात तेच घ्या. दुसरं कितीही चांगलं, हलकं, रंगीत असलं तरी. फळ्याशी उभे राहून सर म्हणतात, "झूम, सहा." टीआय-84 वर या दोन कळांत दोन्ही अक्षांवर उणे 10 ते 10 दाखवणारी आलेखाची खिडकी उघडते. त्याच वेळी कॅसिओवाल्याला शिफ्ट, एफ3, पुन्हा एफ3 असं जावं लागतं, आणि हे त्याला सांगणारं वर्गात कोणी नसतं. तो खिडकी शोधून वर बघतो तेव्हा वर्ग वक्राच्या शिखरावर पोचलेला असतो. कॅसिओ वाईट नाही हो. एफएक्स-सीजी50 तर फारच देखणा आहे. पण एकट्याने शिकायची भाषा आणि चारचौघांत बोलायची भाषा यांत फरक असतोच.

दुसरा खड्डा तीन अक्षरांचा: सीएएस, म्हणजे कॉम्प्युटर अल्जेब्रा सिस्टिम, बोलताना 'कॅस'. हे असलं की यंत्र अक्षरांचं बीजगणित करतं. x² − 5x + 6 दिलं की (x − 2)(x − 3) काढून देतं, विकलन करतं, समीकरण पायऱ्या न दाखवता सोडवतं. मुलांना हे वरदान वाटतं, परीक्षा घेणाऱ्यांना नाही. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या एसीटी परीक्षेत असे कॅल्क्युलेटर चालत नाहीत, म्हणजे टीआय-89, एचपी प्राइम आणि एनस्पायर कॅस तिथे बाद. गंमत अशी की एनस्पायर सीएक्स टू आणि सीएक्स टू कॅस हे जुळे भाऊ आहेत. ओळखायचं ते कपाळावरच्या त्या तीन अक्षरांवरून. वापरलेला घेताना फोटोत नेमकं तिथेच विकणाऱ्याचं बोट असतं, तेव्हा बोट बाजूला करून दुसरा फोटो मागावा. आणि ज्या परीक्षेसाठी घ्यायचाय तिची परवानगीची यादी आधी वाचावी, खरेदीनंतर नव्हे.

समजा यंत्र घरी आलं. पहिल्याच दिवशी साइन 30 दाबल्यावर 0.5 च्या जागी उणे 0.988 येतं. "बिघडलेला दिलाय!" नाही, तो कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजतोय. मग कोणीतरी हुशारीने डिग्री मोड लावतं, आणि दुसऱ्या दिवशी y = sin x चा आलेख सपाट रेघ येतो. डिग्रीत उणे 10 ते 10 या पट्ट्यात साइनची मजल जेमतेम 0.17 पर्यंत जाते, आणि या खिडकीत ठिपक्याची एक ओळ 0.3 हून जाड. लाट आहे, पण ठिपक्याच्या पोटात. वर्तुळ काढलं की अंडं येतं, कारण स्क्रीन चौरस नाही. झूममधलं पाच नंबरचं झेड-स्क्वेअर दाबलं की अंड्याचं पुन्हा वर्तुळ होतं. वजाबाकीची कळ वेगळी आणि ऋण चिन्हाची वेगळी, हे तर सिंटॅक्स एरर किमान दहादा आल्याशिवाय कोणालाच पटत नाही. आणि साधी सरळ रेघ काढतानाही 'डायमेन्शन'बद्दलची एरर आली तर वाय इक्वल्सच्या पडद्यावर सगळ्यात वर बघावं: संख्याशास्त्राच्या तासाला चालू केलेला प्लॉट1 तिथे काळा होऊन बसलेला असतो.

एक खोडी मात्र मला मनापासून आवडते. जुन्या टीआय-84 प्लसवर रेडियन मोड ठेवा, खिडकी 0 ते 2π करा आणि sin(94x) काढा. 94 लाटांचं रान उगवायला हवं. येते सरळ, आडवी, निर्जीव रेघ. स्क्रीनच्या 96 पैकी आलेखाला रुंदीत ठिपके 95, म्हणजे त्यांच्यामधल्या पावलांची संख्या 94. यंत्र प्रत्येक पावलाला एकदाच डोळे उघडतं, आणि तेवढ्यात साइन एक पूर्ण गिरकी घेऊन शून्यावर परत आलेली असते. यंत्राने लबाडी केलेली नाही, त्याने फक्त चुकीच्या वेळी पाहिलं. आता sin(93x) काढा: एकच, गोंडस, डुलणारी लाट, तीही उलटी. आलेखावर आंधळा विश्वास ठेवू नये हे तासभर समजावून सांगण्यापेक्षा हे दोन आलेख पुरतात.

आता मूळ मुद्दा, म्हणजे गेम. इथे दोन जाती आहेत. टीआय-बेसिकमध्ये, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या स्वतःच्या सोप्या प्रोग्रामिंग भाषेत, लिहिलेले गेम कळफलकावरूनच टाइप करता येतात आणि गोगलगायीच्या वेगाने चालतात. प्रोसेसरशी थेट बोलणाऱ्या असेंब्ली किंवा सी या भाषांतले खरोखर पळतात, पण ते संगणकावरून केबलने आणावे लागतात. केबल मिनी-यूएसबीची. घरात चार्जरच्या सतरा केबली असतात, त्यातली एकही ही नसते, आणि असलीच तर फक्त चार्जिंगपुरती, जिच्यातून डेटा जात नाही. फाइलच्या नावावरही जाऊ नये. जुन्या 84 ची आणि सीईची प्रोग्राम फाइल एकाच शेपटीची, पण जुन्याचा असेंब्ली गेम सीईवर चालत नाही. सीईच्या सी गेमना सोबत लायब्ररीची फाइल लागते. ती टाकायची राहते आणि दोष गेमला बसतो. कॅसिओ एफएक्स-सीजी50 इथे फार सज्जन: केबल लावली की पेन ड्राइव्हसारखा उघडतो, ॲड-इनची, म्हणजे जोड-प्रोग्रामची, फाइल आत टाकली की झालं.

सीईबाबत एक मेख आहे. यंत्राच्या सॉफ्टवेअरच्या 2020 मधल्या 5.5 आवृत्तीपासून कंपनीने असेंब्लीची दारं बंद केली. 'आर्टिफिस' नावाची मागची खिडकी लोकांनी शोधली, पण यंत्र "अपडेट करू का?" असं गोड आवाजात विचारतं तेव्हा गेमवाल्याने आधी चौकशी करावी. नव्या आवृत्तीवरून जुनीवर परतता येत नाही.

आणि आर्काइव्ह करावं, म्हणजे गेम कायमच्या साठ्यात हलवावा! गेम रॅममध्ये ठेवणं म्हणजे वाळूवर नाव लिहिणं. एखादा असेंब्ली गेम अडकतो, यंत्र गोठतं, आणि पुन्हा चालू केल्यावर पडद्यावर दोनच शब्द येतात: 'रॅम क्लिअर्ड'. आर्काइव्ह केलेल्या प्रोग्रामच्या नावाआधी चांदणी दिसते, ती दिसली की झोप लागते.

खरं गणित शिकायचं तर मुलाला बेसिकमध्ये सापाचा गेम लिहू द्यावा. बाणांच्या कळांचे आकडे 24, 25, 26 आणि 34. ते पाठ करायचे नसतात, दहापट ओळ अधिक स्तंभ एवढाच हिशोब आहे. साप चालायला लागतो, खातो, लांब होतो आणि मग रांगायला लागतो, कारण प्रत्येक पावलाला शेपटीची अख्खी यादी एकेक घर सरकवली जातेय. उपाय असा की यादी जागेवर ठेवायची, डोकं कुठे आहे एवढा आकडा पुढे न्यायचा आणि शेवटाला पोचला की यादीच्या लांबीने भागून उरलेल्या बाकीच्या मदतीने पुन्हा एकवर आणायचा. भागाकारातली बाकी नेमकी कशासाठी असते, हे वर्गात विचारलं की जांभई येते. इथे ती सापाचा जीव वाचवते.

शेवटी परीक्षा येते. पर्यवेक्षक सांगतात, डावा बाण, उजवा बाण आणि ऑन एकदम दाबून धरा. यंत्र परीक्षेच्या मोडमध्ये जातं आणि साप, ठोकळे, अंतराळयानं सगळी क्षणात गडप होतात. ती परत आणायची तर पेपरनंतर संगणकाला किंवा दुसऱ्या कॅल्क्युलेटरला केबलने जोडून काहीतरी पाठवावं लागतं. म्हणून पेपर सुटला की बाहेरच्या पायरीवर दोन मुलं डोक्याला डोकं लावून, मध्ये वीतभर केबल धरून, श्वास रोखून बसलेली दिसतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटतं, बिचारी उत्तरं पडताळतायत.